स्पोर्ट्स कार देऊन किट कार घ्यायची? आधी एवढं तपासा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या गाडीवेड्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. दारात चांगली स्पोर्ट्स कार उभी असते. मग एखाद्या रविवारी गावाबाहेरच्या रस्त्यावर समोरून एक बुटकी, उघडी, बेडकासारखे डोळे बाहेर काढलेली गाडी गुरगुरत येते आणि निघून जाते. त्या रात्री झोप लागत नाही. माझ्याकडे तेव्हा तिसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५ होती. ती देऊन किट कार घेईपर्यंत माझे चौदा महिने गेले, आणि मधे एक व्यवहार ऐन वेळी सोडावा लागला. त्या चौदा महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

किट कार म्हणजे सुट्या भागांत मिळणारी, घरी जोडायची गाडी. हे वेड ब्रिटनमध्ये रुजलं त्याला कर कारणीभूत आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन ही हलकी, उघडी गाडी आणली, तेव्हा तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. लोक खोकी घरी नेऊन गॅरेजमध्ये गाडी जोडू लागले. १९७३ मध्ये खरेदीकराच्या जागी व्हॅट आला, तो सुट्या भागांवरही होता, आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले, आणि ती गाडी आजही बनते. तिच्या वळणावर वेस्टफील्डसारख्या अनेकांनी आपापल्या गाड्या काढल्या. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतींपासून एमएक्स-५चेच भाग वापरून बनणाऱ्या एक्सोसेटपर्यंत बाकीचे प्रकारही पुष्कळ आहेत. मी मात्र सेव्हनच्या घराण्याबद्दलच बोलणार, कारण अदलाबदलीचा विचार बहुतेकांच्या मनात तिथेच सुरू होतो.

पायरी १ : महिनाभर वही ठेवा

आत्ताच्या गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. प्रत्येक फेरीनंतर तीनच गोष्टी लिहा : कुठे गेलो, सोबत कोण होतं, टप उघडा होता की बंद.

माझ्या वहीत पहिल्या महिन्यात ४१ फेऱ्या निघाल्या. त्यातल्या २९ ऑफिस, बाजार आणि मुलीच्या पोहण्याच्या क्लासच्या होत्या. निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी काढलेल्या फेऱ्या भरल्या फक्त पाच. मी स्वतःला पक्का हौशी समजत होतो, पण वहीप्रमाणे माझी एमएक्स-५ ही घरची कामाची गाडी होती.

तुमच्या वहीतही असंच दिसलं तर अदलाबदल म्हणजे घरातली एक कामाची गाडी कमी करणं. ते काम कोण करणार, हे घरी बसून आधी ठरवा. सेव्हनमध्ये डिकी नावालाच असते, मागची सीट नसते, लहान मुलाची सीट बसवणं जवळपास अशक्य. पुण्याहून आई-बाबा आले तर त्यांना विमानतळावरून आणायला ही गाडी चालणार नाही. आम्ही शेवटी एक जुनी हॅचबॅक घेतली, तिचा विमा नि कर हिशेबात धरला, आणि मगच पुढे सरकलो.

पायरी २ : जोडायची आहे की चालवायची, ते ठरवा

या दोन हौशी वेगळ्या आहेत. संध्याकाळी गॅरेजमध्ये पाना घेऊन बसण्यात ज्याला सुख आहे त्याने नवा किट घ्यावा. केटरहॅमचा किट बऱ्यापैकी सरळ असतो : चासी (गाडीचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स सगळं मोजून-मापून येतं आणि ऐंशी ते शंभर तासांत गाडी उभी राहते असं धरतात. पण जुन्या फोर्ड सिएराचं किंवा एस्कॉर्टचं सामान काढून, घासून, रंगवून बसवायचं असेल तर काम कित्येक पटींनी वाढतं. लोकांची त्यात वर्षं जातात.

ज्याला फक्त चालवायची आहे त्याने तयार, नोंदणी झालेली गाडी घ्यावी.

राहिली ती अर्धवट जोडलेली गाडी. ती स्वस्त मिळते, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वेळी तिच्या वाटेला जाऊ नये. ‘नव्वद टक्के काम झालंय’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. उरलेल्या दहा टक्क्यांत वायरिंग असतं, ब्रेकच्या नळ्या असतात, आणि सरकारी तपासणी असते. आधीच्या माणसाने हात टेकले ते नेमके याच ठिकाणी. कुठला नट त्याने घट्ट केला आणि कुठला ‘नंतर करू’ म्हणून नुसता अडकवून ठेवला, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

पायरी ३ : आकडे मांडा, पण माणूस बसवून

तिसऱ्या पिढीची दोन लिटरची एमएक्स-५ सुमारे १६० अश्वशक्तीची, वजन अकराशे किलोच्या आसपास. केटरहॅमची ३१० मॉडेल १५२ अश्वशक्तीची, वजन ५४० किलो. दोन्हींत ऐंशी किलोचा माणूस बसवला तर दर टनामागे एमएक्स-५ला साधारण १३५ अश्वशक्ती येते आणि केटरहॅमला २४५. इंजिनची ताकद जवळपास तेवढीच, फरक सगळा वजनाचा. शेजारी कुणी बसलं की ते तुम्हाला ब्रेक दाबताना कळतं, इतकी ही गाडी हलकी असते.

हे वजन कशातून कमी झालं तेही बघा. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, बाजूला दार म्हणजे कापडी झडप. बॉनेट कमरेच्या खाली आणि तुमचं डोकं शेजारच्या ट्रकच्या चाकाच्या उंचीला. त्या ट्रकवाल्याला आपण दिसलोच नाही असं धरूनच चालवावं लागतं. ज्याच्या घरच्यांना ही गोष्ट मनापासून पटत नाही त्याने त्यांच्याशी भांडून ही गाडी घेऊ नये. मी बायकोला आधी शेजारच्या सीटवर बसवून फिरवून आणलं, आणि तिने होकार दिल्यावरच पैशाचं बोललो.

पायरी ४ : बसून बघा, आणि पावसात चालवून बघा

बसण्याची एक रीत आहे. रोल बारला, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या दांड्याला धरायचं, एक पाय सीटवर ठेवायचा, मग दुसरा आत घ्यायचा आणि स्टिअरिंगखालून दोन्ही पाय पुढे सरकवत खाली बसायचं. बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग त्यासाठीच काढता येतं. उतरताना बाजूने गेलेल्या तापलेल्या सायलेन्सरला पोटरी टेकली की चटका बसतो. माझ्या उजव्या पोटरीवर त्याचा डाग अजून आहे.

पाय ठेवायची जागा इतकी अरुंद असते की नेहमीचे बूट घालून गेलात तर ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. पातळ तळव्याचे, अरुंद बूट घालून जा. तरीही पाय अडकत असेल तर केटरहॅमची रुंद चासीही मिळते, तीत बसून बघा. उंच आणि धिप्पाड माणसाने ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी, म्हणजे पुढचे महिने वाचतात.

नंतर ढगाळ दिवस बघून गाडी चालवायला मागा. कोरड्या उन्हात कुठलीही सेव्हन मन जिंकते. मी जी चालवली तिच्यावर वीस मिनिटांत पाऊस आला. थांबून टप बटणांनी एकेक करत लावेपर्यंत मांडीवर तळं झालं होतं. टप लावल्यावर काच आतून धुरकट झाली, हीटरचा वारा फक्त डाव्या गुडघ्यावर येत होता, आणि मोटरवेवर ताशी सत्तर मैलांना शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. तशा अवस्थेतही मला हसू आवरत नव्हतं, आणि त्या हसण्यावरून माझा निर्णय बराचसा झाला. तुम्हाला त्या वेळी घरची उबदार गाडी आठवली तर तोही तितकाच खरा निर्णय आहे, आणि दोन तासांत मिळालेला.

पायरी ५ : कागद गाडीच्या आधी बघा

लोक इंजिनचा आवाज ऐकतात आणि कागद शेवटी मागतात. माझं सगळ्यात मोठं नुकसान याच पायरीवर टळलं.

ब्रिटनमध्ये घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी तपासणीत पास व्हावी लागते. १९९८ पासून ती एसव्हीए नावाने होती, २००९ पासून आयव्हीए नावाने आहे. तपासणारे फार बारकाईने बघतात. शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा बाहेरच्या अंगाला जिथे जिथे टेकतो, तिथल्या कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल असाव्या लागतात. म्हणून बोल्टच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांना रबरी पट्ट्या लावलेल्या दिसतात. काही जण तपासणी झाली की त्या काढून टाकतात, तेव्हा पट्ट्या नाहीत म्हणजे तपासणी झालीच नाही असं समजू नका. प्रमाणपत्र मागा.

मग नोंदणीचा कागद, म्हणजे व्ही-५सी. त्यावर गाडीचं नाव काय आहे ते वाचा. मी सोडलेला तो व्यवहार असा होता : गाडी देखणी, मालक सज्जन, माझी एमएक्स-५ आणि वर थोडे पैसे एवढ्यात सौदा ठरला होता. त्याच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता मी व्ही-५सी उघडला. त्यावर गाडीचं नाव होतं फोर्ड सिएरा. कधीकाळी कुणीतरी सिएराचं सामान वापरून ही गाडी जोडली आणि जुन्या सिएराचीच नोंदणी पुढे चालू ठेवली. चासीवर ठोकलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळतच नव्हते. त्या माणसाने ती तशीच विकत घेतली होती, त्याच्या मनात फसवणूक नव्हती. पण अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि नोंदणी दुरुस्त करायला गेलं तर गाडी पुन्हा तपासणीला न्यावी लागू शकते. मी चहा संपवला, त्याला कागद दाखवून समजावलं आणि परत आलो. घरी येताना फार वाईट वाटत होतं, दोघांसाठीही.

म्हणून व्ही-५सीवर किट बनवणाऱ्याचं नाव हवं, आणि चासी क्रमांक तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून वाचलेला हवा. नंबर ‘क्यू’ने सुरू होत असेल तर घाबरू नका. सामानाचं वय सिद्ध करता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. विकताना मात्र अशा गाडीला थोडी कमी किंमत येते, तर घेतानाही तेवढी कमी द्या.

जोडणीची फाइल मागा : पावत्या, फोटो, टिपणं. ज्याने मन लावून गाडी जोडली त्याच्याकडे जाडजूड फाइल असते आणि ती दाखवायला तो उत्सुक असतो.

पायरी ६ : खाली वाकून बघा

चासीच्या पोलादी नळ्यांवर पावडरचा रंग असतो. तो फुगला असेल तर आत गंज आहे. नळ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने बसवतात. तिथे पाणी अडकलं की दोन धातूंच्या मधे पांढरी भुकटी दिसते. थोडी असेल तर चालेल, पण पत्रा उचलला गेला असेल तर ते मोठं काम आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा गाडी हिवाळ्यातही चालवत होतात का, हे विचाराच.

डॅशबोर्डखाली हात घालून वायरी बघा. नीट बांधलेल्या, एका वळणाच्या वायरी म्हणजे जोडणारा धीराचा माणूस. चिकटपट्टीचे गोळे दिसले तर बाकीच्या गाडीकडेही संशयाने बघा.

किट बनवणाऱ्या कंपन्या छोट्या असतात आणि येतात-जातात. वेस्टफील्डसुद्धा २०२२ मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या हाती गेली होती. पण ब्रेक, बेअरिंग, गिअरबॉक्स बहुधा फोर्डचे किंवा माझदाचेच असतात आणि ते मिळत राहतात. कुठला भाग कुठल्या गाडीचा, याची यादी मालकाकडून लिहून घ्या.

पायरी ७ : व्यवहार

विम्याचा भाव सौदा ठरण्याआधी विचारा, आणि ठरलेल्या किमतीचा विमा घ्या, म्हणजे गाडी गेलीच तर किती पैसे मिळणार ते आधीच कागदावर असतं. कार्बन उत्सर्जनाचा आकडा नोंदीत नसेल तर रस्ताकर इंजिनच्या क्षमतेवर लागतो, आणि १५४९ सीसीच्या वर तो वाढतो.

सरळ अदलाबदल दिसायला सोपी. पण तीत दोन किमती एकाच वेळी ठरतात आणि आपल्या गाडीला आपण नेहमीच जास्त भाव लावतो. जमलं तर आपली गाडी वेगळी विका. अदलाबदलच करायची असेल तर दोन्ही गाड्यांवर कर्ज बाकी नाही ना, ते तपासा. दोघांनीही त्याच दिवशी डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याला कळवा आणि आपापला कर नव्याने भरा. जुन्या मालकाचा कर गाडीबरोबर येत नाही.

थोड्या वर्षांत भारतात परतायचा विचार असेल तर ही गाडी इथेच विकून जावी लागेल हे धरून चाला. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आणता येत नाही. आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणखी स्पष्ट केलं आहे.

अजून मन तळ्यात-मळ्यात असेल तर मे महिन्याच्या सुरुवातीला वॉरिकशरमध्ये स्टोनली पार्कला किट कारचं प्रदर्शन भरतं, तिथे एक दिवस घालवा. दुसरीकडे कुठे एका जागी इतक्या गाड्यांत बसून बघता येत नाही, आणि मालक मोकळेपणाने बोलतात.

गाडी घेतलीच, तर पहिल्या दिवशी मोटरवे टाळून आतल्या रस्त्यांनी घरी या. सोबत टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून घट्ट करायचा पाना ठेवा. पन्नासेक मैल झाले की सपाट जागी थांबून चारही चाकांचे नट पुन्हा तपासा, आणि बॉनेट उघडून कुठे तेल किंवा पाणी झिरपतंय का, ते बघून मगच पुढे निघा.