मैत्री भावना कशी करावी: बांधापलीकडच्या माणसापर्यंत

"डोळे मिटा आणि सगळ्या जगाला प्रेम पाठवा" असं सांगणारा कुणी भेटला की मी विचारतो, शेजाऱ्याला पाठवून झालं का? जग सोपं असतं. जगाने आपल्या दारात गाडी लावलेली नसते, आपला बांध कोरलेला नसतो. माझा कोरला होता. चुलतभावाने, दर नांगरटीला वीत-वीत करत. मैत्री भावनेला, म्हणजे स्वतःपासून वैऱ्यापर्यंत सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या बौद्ध ध्यानाला, बसायला लागून मला चौदा वर्षं झाली, त्यातली पहिली तीन या एका माणसापाशी अडून गेली. म्हणून हा लेख.

पद्धत माझी नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत अनुराधपुरच्या महाविहारात 'विसुद्धिमग्ग' हा साधनेवरचा पाली ग्रंथ रचला, त्याच्या नवव्या प्रकरणात ती क्रमवार दिली आहे. गोव्यातल्या सांखवाळचे, १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली शिकायला घरदार सोडून श्रीलंकेपर्यंत गेले आणि पुढे याच ग्रंथाच्या संपादनात त्यांची कित्येक वर्षं गेली. खाली जे सांगतो त्याचा सांगाडा त्या प्रकरणाचा, ठेचा माझ्या.

बसण्याआधी

विहारात करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीवरचं पाली सुत्त, आपण तालात म्हणतो, पण त्याच्या सुरुवातीच्या ओळींत मैत्रीचं नावही नाही. तिथे आहे तो माणूस कसा असावा याची यादी: सरळ, मृदू, समाधानी, गर्व नसलेला. त्यातले दोन शब्द माझ्या आवडीचे. 'सुभरो', म्हणजे पोसायला सोपा, ज्याच्यापायी घरच्यांची धावपळ होत नाही असा. आणि 'अप्पकिच्चो', ज्याने नसते व्याप मागे लावून घेतलेले नाहीत असा. चहा कोमट झाला म्हणून दोनदा परत पाठवणाऱ्याने मैत्रीला बसू नये. आधी तो चहा प्यावा.

बैठक: पाठ ताठ, पोट हलकं, वीस मिनिटं. उदबत्ती लावा, नका लावू, काही बिघडत नाही.

१. स्वतः

"अहं अवेरो होमि, अब्यापज्झो होमि, अनीघो होमि, सुखी अत्तानं परिहरामि." माझं कुणाशी वैर नसो, मनात द्वेष नसो, मला त्रास नसो, मी स्वतःला सुखाने सांभाळो. पालीत म्हणा नाहीतर मराठीत, पण अर्थ कळून म्हणा.

इथे मुक्काम करू नका. हल्ली 'आधी स्वतःवर प्रेम करा' म्हणत लोक वर्षभर याच पायरीवर बसतात. बुद्धघोष स्पष्ट सांगतात की शंभर वर्षं स्वतःवर मैत्री केली तरी ध्यान लागायचं नाही. स्वतःला इथे घेतलंय ते साक्षीदार म्हणून: मला सुख हवं, दुःख नको, तसंच त्यालाही असणार. एवढं पटलं की काम झालं. तीन मिनिटं.

२. आदराचा माणूस

गुरुजी, भंते, ज्याने कधीतरी निरपेक्ष हात दिला असा कुणी. त्याचा एखादा प्रसंग आठवा आणि तीच वाक्यं त्याच्यासाठी म्हणा.

माणूस निवडताना तीन पथ्यं. पोटचं पोर नको. त्याला ताप आला की आपण रडतो, ती मैत्री नव्हे, जीव गुंतणं आहे. ज्याच्यावर किंवा जिच्यावर मन बसलंय ते माणूस नको. ग्रंथात याचा मजेदार दाखला आहे. एका गृहस्थाला सांगितलं होतं, प्रिय व्यक्तीवर मैत्री कर. त्याला प्रिय होती बायको. व्रत घेऊन खोलीत कोंडून बसला आणि रात्रभर भिंतीशी झुंजत राहिला. आणि तिसरं, मेलेलं माणूस नको. एका तरुण भिक्खूचं आचार्यांवर ध्यान काही केल्या लागेना. चौकशी केली तेव्हा कळलं की आचार्य वारले आहेत. मी सुरुवातीला वडिलांना घ्यायचो. वीस मिनिटं नुसतं रडू यायचं आणि मला वाटायचं, काय खोल ध्यान लागतंय!

३. ना मित्र ना वैरी

दूधवाला, एसटीतला कंडक्टर, रोज दिसणारा पण नाव माहीत नसलेला कुणीही. आदराच्या माणसासाठी जे वाटलं तेच त्याच्यासाठी वाटेपर्यंत म्हणत राहा. कंटाळा येईल, तेवढाच काय तो त्रास.

४. वैरी

वैरी नसेल तर ही पायरी गाळा. ग्रंथातही तशी मुभा आहे. उगाच शोधून काढू नका.

असेल, तर पहिली गोष्ट: इथे थेट येऊ नका. 'सर्वांत अवघड माणसापासून सुरुवात करा' हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी केलेलं नसतं. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातसुद्धा मैत्री शिकवतात ती दहाव्या दिवशी, आधीचे नऊ दिवस मन घासूनपुसून झाल्यावर. मी मात्र घरी आलो की सरळ भावावर उडी घ्यायचो. डोळे मिटून "तो सुखी होवो, तो निर्वैर होवो" चालू असायचं आणि त्याच्याखाली तहसीलदारांच्या नावे अर्ज तयार होत असायचा: "सदर इसमाने माझे मालकीचे क्षेत्रात..." उठायचो तेव्हा जबडा दुखत असायचा. तीन वर्षं मी याला साधना म्हणत होतो.

जबडा हीच खूण धरा. दातांवर दात बसले की थांबा आणि मागे जा, आदराच्या माणसाकडे. तिथे मन मऊ झालं की परत वैऱ्याकडे या. पुन्हा दात, पुन्हा मागे. एका बैठकीत दहा वेळा झालं तरी हरकत नाही. रेटून पुढे गेलात तर मैत्रीच्या नावाखाली रोज वीस मिनिटं द्वेषाचाच रियाज होतो.

मागे जाऊनही भागलं नाही तर बुद्धघोषांनी उपायांची उतरंडच लावून दिली आहे. एक नाही लागला तर पुढचा. त्यातले मला लागू पडलेले सांगतो.

निखारा. दुसऱ्याला मारायला निखारा उचलणाऱ्याचा हात आधी भाजतो, हे वाक्य बुद्धांच्या नावाने मोबाईलवर फिरत असतं. ते याच प्रकरणातलं आहे, बुद्धघोषांचं. आणि मूळ वाक्यात निखाऱ्यासोबत विष्ठाही आहे: फेकायला उचललीत की घाण वास आधी तुमच्याच हाताला. सुविचारवाल्यांनी तेवढीच गाळली. मला उपयोग झाला तो विष्ठेचाच. निखारा उचलल्यावर माणसाला आपण शूर वाटतो.

त्याचा एक गुण. सगळा माणूस चांगला ठरवायची गरज नाही. वागणं वाईट पण बोलणं बरं असेल तर बोलणंच आठवा. काहीच सापडलं नाही, तर अशा माणसाचं पुढे काय होणार या विचाराने निदान कीव तरी येऊ द्या. माझा भाऊ बोलायला फाटका. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तो बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतो तेव्हा पाहावं. जुवाने घट्टा पडलेल्या जागेवर अंगठा असा हळू फिरवतो की बैल मान खाली सोडून डोळे मिटतो. मी वर्षभर वैऱ्याच्या जागी त्याचा चेहरा आणलाच नाही. फक्त तो अंगठा.

फोड करणं. रागावलास तर कशावर? त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? कातडीवर? हाडांवर? अशी बत्तीस भागांची यादी आहे. ऐकायला कोरडं वाटतं. मी प्रामाणिकपणे शोधायला बसलो आणि उत्तर मिळालं: मिशीवर. बांधावर उभा राहून तो मिशीवरून हात फिरवायचा, माझा सगळा राग तिथे जाऊन बसला होता. हसू आलं आणि त्या दिवशी प्रथमच दात सुटले.

आणि सगळ्यांत शेवटी, काहीच जमलं नाही तर, दान. वैऱ्याला काहीतरी द्यायचं. "अदन्तदमनं दानं", न वळणाऱ्याला वळवतं ते दान. चित्तलपब्बत विहारातली गोष्ट आहे. एका थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंनी, एका भिक्खूला त्याच्या निवासातून तीनदा उठवलं होतं. म्हणजे भांडण जागेचंच! त्या भिक्खूने त्याच थेरांना आपलं भिक्षापात्र दिलं. देताना म्हणाला, आठ कहापणांचं (तेव्हाची नाणी) आहे, माझ्या उपासिका आईने दिलेलं, रास्त मार्गाने मिळालेलं.

हे शेवटचे शब्द मी वाचताना ओलांडून गेलो आणि आपटलो. वादाच्या बांधावर एक सीताफळाचं झाड आहे. त्याची टोपलीभर फळं घेऊन मी मोठ्या मनाने भावाच्या दारी गेलो. तो म्हणाला, "माझ्याच झाडाची मलाच देतोस व्हय रं?" टोपली ओसरीवर तशीच राहिली, फळं किडून गेली. तेव्हा देताना ज्याच्यावर कुणाचा दावा नाही, तेच द्या. पुढच्या वर्षी घरच्या तुरीची पाच किलो डाळ डब्यात घालून वहिनीच्या हाती दिली, काही न बोलता आलो. डबा चार महिन्यांनी परत आला. रिकामं भांडं देऊ नये म्हणून तळाशी चमचाभर साखर होती.

आता तुम्ही विचाराल, मग बांध कुठे ते ठरवायला केलेला जमीन मोजणीचा अर्ज मागे घेतला का? नाही. आणि तो घ्यावा असं सांगणाऱ्याला मैत्री कळलेली नाही. वैर सोडणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं. १९५६ साली नागपुरात लाखोंना सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा देणाऱ्या बाबासाहेबांनी १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला होता आणि त्या तळ्याचा दावा १९३७ साली हायकोर्टात निकाल लागेपर्यंत लढवला होता. पड खाणं म्हणजे करुणा, हे आपल्याकडे नेहमी दुबळ्यालाच शिकवतात.

५. चौघं आणि दरोडेखोर

वैऱ्यासाठी वाक्यं दात न आवळता निघायला लागली की ही कसोटी. कल्पना करा: तुम्ही, आदराचा माणूस, तिऱ्हाईत आणि वैरी, चौघं एका जागी बसला आहात. दरोडेखोर येतात, म्हणतात, बळी द्यायला एक जण द्या. कुणाला द्याल?

वैऱ्याला दिलंत तर उघडच नापास. पण "मला न्या, या तिघांना सोडा" म्हणणाराही नापास, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण चौघांतल्या एकाचं वाईट व्हावं हे त्यानेही मान्य केलं, तो एक स्वतः होता इतकंच. चौघांपैकी देण्याजोगा कुणीच दिसत नाही तेव्हा ते साधलं. आयुष्यभर शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या आपल्या आयांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी होती.

या अवस्थेला पालीत शब्द आहे 'सीमासंभेद'. सीमा फुटणं. बांधावरून भांडणाऱ्या माणसाला हा शब्द भेटावा, काय म्हणायचं!

६. करुणा

मैत्री मुरली की करुणा फार वेगळी शिकावी लागत नाही. दुःखात असलेला माणूस समोर आणायचा आणि याचं दुःख सरो म्हणायचं. एकच सावधगिरी: क्रूरता हा करुणेचा लांबचा शत्रू, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे खिन्नता, आणि ती करुणेचंच लुगडं नेसून येते. पुराच्या बातम्या बघून दिवसभर उदास बसलात आणि शेजारच्या घरात पाणी शिरलं तेव्हा बादली घेऊन गेला नाहीत, तर ती खिन्नता.

जमतंय की नाही, कसं ओळखायचं?

बैठकीत नाही ओळखता येत. मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहात सावत्थीच्या वैदेहिकेची गोष्ट आहे. बाई शांत म्हणून गावभर नाव. तिची दासी काली हुशार. बाई खरोखर शांत आहेत, की मी काम चोख करते म्हणून शांत आहेत, हे बघायला ती मुद्दाम उशिरा उठायला लागली, दर दिवशी जास्त उशिरा. शेवटी बाईंनी दाराची खीळ उचलून तिचं डोकं फोडलं.

माझी काली पुढच्या महिन्यात आहे. मोजणीची तारीख लागली, नोटीस दोघांनाही पोचली. चुना आणि दगड आणून ठेवलेत. डाळही काढून ठेवलीय, पण ती मोजणी झाल्यावर नेणार. आधी नेली तर लाच वाटेल.