न्यू जर्सीचा हिवाळा आणि कुंड्या: कढीपत्ता, गवती चहा, तुळस, पण मुख्य म्हणजे स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरीची कुंडी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली म्हणजे काम संपलं असं नाही. तिला हिवाळाभर पाणी लागतं. गेल्या हिवाळ्यात नेमकं हेच राहून गेलं आणि मार्चमध्ये कुंड्यांत वाळक्या काड्या उरल्या, म्हणून ते सगळ्यात आधी लिहितेय.

आता क्रमाने. सप्टेंबरपासून खत बंद, नाहीतर कोवळी फूट येते आणि थंडीत तीच आधी मरते. रात्री 50 फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सिअसच्या खाली जायला लागल्या की कढीपत्ता आत. (पुढचे आकडे फॅरनहाइटच.) आणण्याआधी प्रत्येक पान उलटून बघा: खवले कीड, पांढरी माशी, लाल कोळी. पाइपने झाड धुवा, कीडनाशक साबणाचं पाणी फवारा, आठवड्याने पुन्हा फवारा आणि दोन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवा. आळस केलात तर जानेवारीत घरभर कीड. जागा दक्षिणेच्या खिडकीत, पण हीटरच्या झोतात नको. पानं पिवळी पडून गळतील. घाबरून पाणी ओतू नका, मुळं कुजतात. वरची दोन इंच माती कोरडी झाली की मगच घाला.

गवती चहा सहा इंचांवर कापा, चार-पाच फुटव्यांचा ठोंब लहान कुंडीत लावून आत घ्या. पुदिना छाटून भिंतीलगत बाहेरच, त्याला काही होत नाही. रोझमेरी थंड पण उजेडाच्या खोलीत. कोंदट हवेत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी येते आणि माती एकदा पूर्ण वाळली तर रोझमेरी परत उभी राहत नाही. मध्य न्यू जर्सीत पहिलं दंव बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पडतं आणि तुळशीचं लग्न साधारण नोव्हेंबरात. तोवर बाहेरची तुळस काळी पडलेली असते, तेव्हा ती वेळेत आत घ्या. वाळलेल्या मंजिऱ्यांचं बीही काढून ठेवा.

स्ट्रॉबेरीची मात्र घाई करू नका. तिला थंडी हवीच. दिवाणखान्यात आणलीत तर ती झोपत नाही आणि पुढे धड फळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर बाहेरच राहू द्या, रनर (रोपातून आडवे पसरणारे लांब देठ) कापा, कुजकी पानं काढा. पाच-सहा रात्री पारा 20च्या आसपास गेला की गॅरेजमध्ये न्या, हीटर नसलेल्या पण घराला लागून असलेल्या. जमिनीतल्या रोपाला भोवतालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीत थंडी चारही बाजूंनी शिरते, आणि साधारण 15च्या खाली मुळांवरच्या गड्ड्यालाच इजा होते. नेण्याआधी तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी. उंदरांसाठी वरून बारीक जाळी. उजेड लागत नाही.

पाणी लागतं! पानं सुकलेली, माती गार, वर बर्फ नाही न् पाऊस नाही, त्यामुळे कुंडी विसरली जाते. पण झोपलेल्या रोपाची मुळं जिवंत असतात आणि गॅरेजची कोरडी हवा माती हळूहळू सुकवते. रोप थंडीने गेलं असं आपण म्हणतो, ते बऱ्याचदा तहानेने गेलेलं असतं. शिवाय कोरडी माती ओल्या मातीपेक्षा लवकर गारठते. तेव्हा फोनवर 1 आणि 15 तारखेची आठवण लावा. कुंडी उचलून बघा: हलकी लागली तर दहा इंची कुंडीला दोन कप पाणी, गोठलेली नसेल त्या दिवशी दुपारी. माती पार वाळली असेल तर पाणी कडेने सरळ खाली पळतं, म्हणून एक कप घाला, दहा मिनिटं थांबा, मग दुसरा. गोठलेली असेल तर वर ओंजळभर बर्फ ठेवा, तो वितळेल तसा मुरेल. भिजून चिखल नको, गड्डा कुजतो. पण कोरडी तर नकोच नको.

मातीच्या कुंड्या गोठून तडकतात, त्या रिकाम्या करून उपड्या ठेवा.

मार्चअखेर नवं पान दिसलं की स्ट्रॉबेरी बाहेर. फुलं आल्यावर दंवाची रात्र असेल तर जुनी चादर. कढीपत्ता मेच्या मध्यावर, आठवडाभर सावलीत, मग उन्हात. आणि स्ट्रॉबेरीची शेवटची कुंडी बाहेर जाईपर्यंत 1 आणि 15ची आठवण फोनवरून काढू नका.