तेलंगणातलं मूळ गाव शोधायला निघताना

"आम्ही मूळचे करीमनगरचे." सोलापूरच्या पूर्व भागात, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरोघरी, हे वाक्य ऐकू येतं, पण गाव शोधायच्या कामी ते फारसं उपयोगी पडत नाही. पणजोबा निघाले तेव्हा करीमनगर म्हणजे निजामाच्या राज्यातला अख्खा जिल्हा होता. ११ ऑक्टोबर २०१६ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, तेलंगणातल्या १० जिल्ह्यांचे ३१ झाले, आणि २०१९ मध्ये मुलुगू व नारायणपेट धरून ३३. जुनं करीमनगर आता मुख्यतः करीमनगर, जगित्याल, पेद्दपल्ली आणि राजन्ना सिरिसिल्ला यांत वाटलं गेलंय, काही मंडलं सिद्दीपेटकडेही गेली. नलगोंड्यातून सूर्यापेट आणि यादाद्री भुवनगिरी वेगळे झाले. तिकडे तालुका हा शब्दही १९८५ पासून कारभारातून गेला, त्याच्या जागी मंडल आलं, आणि एका जुन्या तालुक्यात आज चार-पाच मंडलं निघतात.

म्हणून तिकीट सगळ्यात शेवटी काढा. आधी चार गोष्टी कागदावर हव्यात: इंटिपेरू (तेलुगू आडनाव), गोत्र, गावाचं नाव, आणि जुना तालुका किंवा आजचं मंडल. चारांतल्या तीन पक्क्या झाल्याशिवाय निघू नका. नुसत्या गावाच्या नावावर निघालेली माणसं भलत्याच गावात चहा पिऊन परत येतात.

आधी सोलापुरातलीच कपाटं उघडा

पहिलं ठिकाण म्हणजे घराण्यातली जात पडताळणीची फाईल. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे कुणीतरी काका-आत्यानं कधीतरी शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी खेटे घातलेलेच असतात. स्वतःच्या घरात ही फाईल नसेल तर भाऊकीत ज्याच्या मुलानं सगळ्यात आधी इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, त्याच्याकडे विचारा. उताऱ्यात जातीचा रकाना सगळे बघतात, तुम्ही जन्मस्थळाचा बघा. तिथं गाव, तालुका, जिल्हा असं ओळीनं लिहिलेलं असलं तर निम्मं काम झालं. मात्र लिहिणारे गुरुजी मराठी आणि सांगणारे तेलुगू, त्यामुळे जे कानावर पडलं ते लिहिलं गेलंय. 'पेल्ली'चं पल्ली झालेलं असतं, शेवटचा स्वर गळालेला असतो, 'गुडेम'चं गुडम झालेलं असतं. नाव मोठ्यानं म्हणून बघा आणि मग शोधा.

दुसरी वस्तू लग्नातली चदिविंपुलची, म्हणजे आहेराची, वही. साठ-सत्तर सालच्या वह्या अजून पेटीच्या तळाशी सापडतात. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची वही, आणि आत प्रत्येक ओळीत नाव, गाव आणि रक्कम: दोन रुपये, पाच रुपये, एखाद्या मामाचे अकरा. सोलापूरबाहेरून आलेल्यांच्या नावापुढे गाव हमखास लिहिलेलं असतं, कारण परतफेडीचा आहेर कुठं पोचवायचा ते कळायला हवं. तीन वेगळ्या लग्नांच्या वह्यांत आपल्याच इंटिपेरूच्या माणसांपुढे एकच गाव आलं तर ते मूळ गाव धरायला हरकत नाही. एकाच वहीत आलं तर थांबा, ते सोयऱ्यांचं गावही असू शकतं.

तिसरी वस्तू मनीऑर्डरच्या पावत्या आणि पोस्टकार्डं. गिरणीत आणि मागावर राबणारी माणसं गावी पैसे पाठवत. पोस्टाचा गोल शिक्का पुसट असेल तर कार्ड उजेडात तिरपं धरा आणि मोबाइलनं फोटो काढून त्यातला काळा रंग गडद करा. पोस्टाचं नाव वर्तुळाच्या कडेनं असतं, तारीख मधोमध. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आले, त्यानंतरच्या पत्रावर सहा आकडे असतील तर पहिल्या तिनांतच जुना जिल्हा कळतो: ५०५ करीमनगर, ५०६ वारंगल, ५०८ नलगोंडा, ५०९ महबूबनगर, ५०२ मेदक.

आडनावावर फार विसंबू नका. काही इंटिपेरू गावावरून आलेली आहेत, पण गुर्रम म्हणजे घोडा आणि गड्डम म्हणजे दाढी. त्यांत गाव शोधून काही मिळणार नाही. गोत्र मात्र कामाचं. भावनाऋषींच्या १०१ मुलांवरून १०१ गोत्रं, असं समाज मानतो. एकाच गावात एकाच इंटिपेरूची दोन घराणी असली तर गोत्रावरूनच उलगडा होतो.

हे सगळं आजीला विचारायचं असेल तर "आपलं गाव कुठलं?" असं विचारू नका, त्याला करीमनगर हेच उत्तर येतं. "बाजाराला कुठं जायचे? जत्रा कुठली? गाडीतून कुठं उतरून पुढं बैलगाडी करायचे?" असं विचारा. वेमुलवाड्याची जत्रा आणि सिरिसिल्ल्याचा बाजार एवढं आलं तरी नकाशावर पंचवीस-तीस किलोमीटरचं वर्तुळ काढता येतं.

एका नावाची दहा गावं

नाव मिळालं की २०११ च्या जनगणनेची गावांची यादी उघडा. ती जुन्या १० जिल्ह्यांप्रमाणे आहे, म्हणून घरातल्या कागदांशी चटकन जुळते. त्यातून मंडल मिळालं की आजचा जिल्हा बघा. रामपूर, वेंकटापूर, कोत्तपल्ली ही नावं तिकडे इतक्यांदा येतात की मंडलाशिवाय त्यांना अर्थ नाही. नावाआधीचा शब्दही सोडू नका: कोत्त म्हणजे नवं, पात म्हणजे जुनं, चिन्न म्हणजे धाकटं, पेद्द म्हणजे थोरलं. 'चिन्न' गाळून 'पेद्द' गावात पोचणं ही नेहमीची चूक आहे.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच बघा, कारण तिथं पोचून कळली तर फार लागते. उपग्रहाच्या नकाशावर गावाच्या जागी निळं पाणी दिसतंय का? मिड मानेर जलाशयानं करीमनगर-सिरिसिल्ला भागातली आणि मल्लन्नसागरानं सिद्दीपेटमधली गावंच्या गावं गेली. अशा वेळी गाव नाही, पुनर्वसन वसाहत शोधायची. मल्लन्नसागरच्या लोकांची वसाहत गजवेलजवळ आहे. शेजारी बहुतेक तेच असतात, त्यामुळे माणसं सापडतात. फक्त देऊळ आणि घराची जागा दाखवायला कुणाकडे काही नसतं.

कधी आणि कसं

उन्हाचं सोलापूरकरांना वेगळं काय सांगायचं, पण म्हाताऱ्यांना घेऊन जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बतुकम्मा हा फुलांचा सण गावातच बघायची हौस असेल तर भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस. तंगेडू आणि गुनुगू, म्हणजे आपला तरवड आणि कुर्डू, यांचे थर रचलेल्या थाळ्या प्रत्येक दारात दिसतील. पण त्या दिवसांत बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि लॉज भरलेले असतात. सम वर्षांत माघात मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा भरते. त्या आठवड्यात वारंगल-मुलुगूकडे जाऊच नका, सगळ्या बस तिकडे लागलेल्या असतात.

वारंगल भागात जायचं तर कोणार्क एक्सप्रेस सोलापूरहून थेट काझीपेट-वारंगलला नेते. बाकीच्यांनी हुसेनसागर, मुंबई-हैदराबाद किंवा पुण्याहून येणारी शताब्दी धरून हैदराबाद-सिकंदराबाद गाठायचं आणि पुढं बस. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. करीमनगर, सिद्दीपेट, सिरिसिल्ल्याच्या बस सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकातून, वारंगलकडच्या उप्पलवरून, नलगोंडा आणि महबूबनगरच्या महात्मा गांधी बसस्थानकातून. सिद्दीपेटला २०२३ पासून रेल्वेही जाते. हैदराबादहून करीमनगर साधारण १६५ किलोमीटर, वारंगल दीडशेच्या आत, नलगोंडा शंभरेक.

तेलंगणाच्या बसमध्ये बायका फुकट जाताना दिसतील. ती सवलत तेलंगणाचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर मिळते. सोलापूरच्या आधारवर पूर्ण तिकीट पडतं, आणि आपल्या एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलतही तिकडे चालत नाही. पाच-सहा बायका बरोबर असतील तर खर्चात हे आधीच धरा.

सहाजणांच्या वर असाल तर गाडी करणं परवडतं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६५: उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी, हैदराबादपर्यंत तीनशेच्या थोडं वर. मध्ये कर्नाटक लागतं, म्हणजे दोन सीमा ओलांडायच्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी डोळ्यांनी बघून घ्या. ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेऊ नका. अडवली की भुर्दंड तर पडतोच, दिवसही जातो.

चार दिवस धरा. पहिल्या दिवशी गावात शिरू नका. जिल्ह्याच्या किंवा मंडलाच्या गावी मुक्काम करा, तिथल्या पद्मशाली संघमच्या लोकांना भेटा. ते बहुधा एका फोनवर गावातलं माणूस गाठून देतात.

गावात शिरल्यावर

सकाळी आठ ते अकरा ही वेळ. दुपारी माणसं शेतात नाहीतर झोपेत, संध्याकाळी म्हातारे कल्लूच्या, म्हणजे ताडीच्या, अड्ड्यावर. पंचायत कार्यालयापाशी उतरून साल्यांची, म्हणजे विणकरांची, आळी विचारा. आपली सोलापुरी तेलुगू तिकडे कळते, फक्त हसतात. एवढं वाक्य पाठ असू द्या: "मा मुत्ताता ई ऊरिकेल्लि षोलापूर पोयिंडु", आमचे पणजोबा या गावातून सोलापूरला गेले. पुढचा प्रश्न "इंटिपेरू एंदि?" हाच येणार. बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही, अशी आपल्याकडे निम्मी माणसं. म्हणून पणजोबांपासूनची वंशावळ तेलुगूत टाइप करून चार प्रती न्या, अक्षर मोठं ठेवा. म्हातारे कागद हातात धरून बोट फिरवत वाचतात आणि तिथंच "हा तर आमच्या पालोळ्ळांतला" असं निघतं. पालोळ्ळु म्हणजे भाऊकी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दारात अनोळखी भाऊबंद आले की समोरच्याच्या मनात पहिली शंका जमिनीची येते. वाटणी मागायला आलेत का? ती तोंडावर कुणी बोलत नाही, पण चहा थंड होतो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत, न विचारताच सांगा: काही मागायला आलो नाही, घराची जागा आणि देव बघायचाय. आणि तहसील कार्यालयात आधी जाऊन मग भाऊकीकडे जाऊ नका. गावात बातमी तुमच्या आधी पोचते.

कागद काढायचेच असतील तर शेवटच्या दिवशी. १९५४-५५ ची खासरा पहाणी, म्हणजे जमिनीची नोंद, हा तिकडचा आधाराचा कागद. त्यावर साल फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालगणनेत, असेल तर ५९० मिळवा: १३६४ फसली म्हणजे १९५४. निजामकाळची पानं उर्दूत असतात, वाचणारा सोबत हवा. मात्र पहाणीत नाव नाही म्हणजे गाव चुकलं असं समजू नका. बहुतेक विणकरांकडे शेत नव्हतंच. घर आणि मागाचा खड्डा ग्रामकंठमच्या, म्हणजे गावठाणाच्या, जागेत, आणि त्या जागेला स्वतंत्र सर्व्हे नंबर नसे.

गावदेवीला, पोचम्माला, नमस्कार करून या. बोनम, म्हणजे देवीला भांड्यातून भाताचा नैवेद्य, करायचं असेल तर भाऊकीतल्या बाईलाच पुढं करा, भांडं आणि भात तिच्या घरचा असू द्या, खर्च तुम्ही द्या. जवळपास पद्मशालींचं पुराण सांगणारे कूनपुलि असतील तर त्यांना जरूर भेटा, त्यांच्याकडच्या चित्रांच्या पटासाठीसुद्धा.

देण्याघेण्यात सोलापुरी चादर सगळ्यांना सुचते, पण दहा घरांसाठी दहा चादरी उचलून बसच्या टपावर चढवून बघा. टेरी टॉवेल न्या. तिकडे मान म्हणून खांद्यावर कंडुवा, म्हणजे उपरणं, घालतात, त्या जागी टॉवेल शोभतो. दहा-बारा ठेवा, बायकांसाठी तितकेच ब्लाउजपीस आणि हळदकुंकू. शेंगाचटणी पावशेराच्या पुड्यांत. कडक भाकरी स्टीलच्या डब्यात, नाहीतर जहीराबादपर्यंत चुरा.

निघताना उलट आमंत्रण द्यायचंच असतं. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव त्याला उत्तम, फक्त मोघम "या एकदा" म्हणू नका. वटपौर्णिमेच्या सुमारास त्या दिवसांचं आरक्षण सुटतं, तेव्हा फोन करा आणि तिकिटं तुम्हीच काढून पाठवा.