यूएसबी वायफाय डोंगल लावताना या चुका टाळा

कॉम्प्युटर एका खोलीत, राउटर दुसऱ्या खोलीत आणि मधून लॅनची वायर ओढायची तर भिंतीला भोक पाडायला हवं. अशा घरात यूएसबी वायफाय डोंगल हा सगळ्यात सोपा उपाय. तीन-चारशे रुपयांपासून मिळतो, सीपीयू उघडावा लागत नाही, लावायला दोन मिनिटं पुरतात. पण पुढे तक्रारी सुरू होतात. मोबाइलवर त्याच खोलीत चार कांड्या दिसतात आणि कॉम्प्युटरवर एकच. व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की वायफायचं चिन्हच गायब असतं. लगेच डोंगल खराब ठरतो आणि दुसरा मागवला जातो. तो दुसराही तसाच रडत-खडत चालतो, कारण दोष बहुतेक वेळा दोनच गोष्टींत असतो: डोंगल कुठे खोचला आहे, आणि त्याच्या आतल्या चिपला कोणता ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) मिळाला आहे. पैसे घालण्याआधी हे दोन्ही तपासायला हवं.

सीपीयूच्या मागे डोंगल खोचणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. नखाएवढा छोटा डोंगल पाठीमागच्या पोर्टमध्ये बसतो, दिसत नाही, धक्का लागत नाही, म्हणून तो तिथेच लावला जातो. आता त्याची अवस्था पाहा. एका बाजूला अख्ख्या कॅबिनेटचा लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला चार बोटांवर भिंत, वर टेबलाची फळी, भोवती मॉनिटरच्या आणि पॉवरच्या वायरींचा गुंता, आणि हे सगळं जमिनीलगत. डोंगलचा जो भाग पोर्टबाहेर राहतो, जेमतेम एक सेंटिमीटर, त्यातच त्याचा अँटेना असतो. रेडिओ लहरी पत्र्यातून आरपार जात नाहीत. राउटर सीपीयूच्या पुढच्या दिशेला असेल तर डोंगलला भिंतीवरून परावर्तित होऊन आलेलाच सिग्नल मिळतो.

यावरचा उपाय म्हणजे एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला पोर्ट असलेली. डोंगल तिच्या टोकाला लावा, टेबलावर किंवा मॉनिटरच्या वरच्या कडेच्या उंचीला आणा आणि दुहेरी टेपने चिकटवा. राउटर आणि डोंगल यांच्यामधून लोखंडी कपाट, फ्रिज किंवा मोठा आरसा जाणार नाही अशी जागा निवडा. विटांच्या भिंतीतून सिग्नल बऱ्यापैकी येतो. सळ्या भरलेल्या काँक्रीटच्या भिंतीतून तो खूप घटतो, तेव्हा दाराच्या सरळ रेषेत डोंगल आणता आला तर फरक लगेच जाणवतो.

फरक अंदाजाने ठरवू नका, मोजा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड इंग्रजीत टाइप करा (पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच असा). येणाऱ्या माहितीत सिग्नलची टक्केवारी असते. विंडोजच्या हिशोबात १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला सिग्नल, आणि ५० टक्के म्हणजे उणे ७५ डीबीएम. आकडा ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला तर व्हिडिओ कॉल नीट चालतो, पन्नासच्या खाली गेला की अडखळायला लागतो. डोंगल एका जागी ठेवा, अर्धा मिनिट थांबा, आकडा बघा, मग हातभर सरकवा आणि पुन्हा बघा. वीत-दोन वीत सरकवल्यानेही आकडा बदलतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या (वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा) लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते आणि घरात ती ठिकठिकाणी स्वतःच्याच परावर्तनाला छेद देते.

निळ्या पोर्टच्या शेजारचा गोंगाट

यूएसबी ३.० चा पोर्ट आतल्या निळ्या जिभेवरून ओळखू येतो. हा पोर्ट वेगवान आहे, पण त्यात हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असताना तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट पसरवतो. हे इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात मोजून दाखवलं होतं. तुमचा डोंगल फक्त २.४ वर चालणारा असेल आणि शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्क असेल, तर फाइल कॉपी सुरू होताच नेट मंदावतं. त्याच वेळी वायरलेस माउसही अडकत चालायला लागतो, कारण तोही सहसा २.४ वरच असतो. ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर कारण हेच धरा. डोंगल काळ्या पोर्टमध्ये हलवा, हार्ड डिस्क दुसऱ्या बाजूला न्या आणि मध्ये ती एक मीटरची केबल घाला.

केबल घेताना जरा जपून. यूएसबी ३.० चा डोंगल २.० च्या केबलला लावला तर तो चालतो, पण २.० च्याच वेगाने. आणि लांबलचक, बारीक वायरीची स्वस्त केबल घेतली तर डोंगलपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही. मग डोंगल तुटतो-जुळतो, आणि विंडोजचा तो ‘डिंग-डाँग’ आवाज दर काही मिनिटांनी ऐकू येतो. २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देऊ शकतो, ३.० चा ९००. वेगळा अडॅप्टर नसलेला साधा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा) मात्र प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देईल असं धरून चालायचं असतं. मोठा डोंगल डेटा पाठवताना याच्या कितीतरी पट ओढतो. अशा हबवर डोंगल लावू नका. असेंबल केलेल्या जुन्या कॉम्प्युटरचे पुढचे पोर्टही आतल्या बारीक वायरीने जोडलेले आणि वापरून सैल झालेले असतात. तुटतो-जुळतो अशी तक्रार असेल तर डोंगल आधी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला केबलने लावून पाहा.

खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर टाकणं

ड्रायव्हर लागतो तो आतल्या चिपला. खोक्यावर कंपनीचं नाव कोणतंही असो, आत रिअलटेक किंवा मीडियाटेकची चिप असण्याची शक्यता मोठी. त्यातही एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून डोंगलच्या पाठीवर मॉडेलनंतर बारीक अक्षरात छापलेला आवृत्तीचा आकडा वाचा आणि त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर उतरवा.

डोंगल बिननावाचा असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (वस्तूचा) असे चार-चार अक्षरांचे दोन कोड दिसतील. व्हीआयडी ०बीडीए असेल तर रिअलटेक, १४८एफ असेल तर रॅलिंक म्हणजे आताचं मीडियाटेक. हे दोन्ही कोड एकत्र सर्च केले की चिपचं नेमकं नाव मिळतं. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. ती चुकीचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत जाहिरातींचं लचांड आणतात.

नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, या फेऱ्यात अडकलात तर मोबाइल कामाला लावा. अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा, हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोनचं वायफाय चालू ठेवा, म्हणजे घरचंच नेट फोनमधून कॉम्प्युटरला मिळतं आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. नुसती चार्जिंगची केबल असेल तर हा पर्यायच उघडणार नाही. काम झालं की टेदरिंग बंद करा, नाहीतर कॉम्प्युटर फोनवरूनच नेट घेत राहतो आणि डोंगल चालतोय की नाही ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. काही नवे डोंगल लावले की वायफायऐवजी ‘धिस पीसी’मध्ये सीडी ड्राइव्ह दिसतो. डोंगलमध्येच साठवलेला ड्रायव्हर दाखवण्यासाठी तो आधी सीडी असल्याचं सोंग घेतो. आतली सेटअप फाइल चालवा. बसवणं पूर्ण झालं की तो वायफाय म्हणून परत येतो. नाहीच आला तर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट करा. लिनक्सवर याच कामासाठी यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांनी घेण्याआधीच चिप पाहावी. मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ पासून आणि एमटी७९२१यू ५.१८ पासून वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालते. रिअलटेकच्या ८८११सीयू, ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या चिपांना ६.२ पासून आधार मिळाला. उबंटू २४.०४ मध्ये मुळातच ६.८ कर्नल असल्याने या सगळ्या चिपा तिथे चालायला हव्यात. निवड हातात असेल तर लिनक्ससाठी मीडियाटेकच घ्या.

थोडा वेळ हात लावला नाही की नेट जातं

हा विंडोजच्या वीजबचतीचा परिणाम आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली डोंगलच्या प्रॉपर्टीज उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी खूण काढा. मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. दोन्ही ठिकाणी बदल करायला हवा. सकाळी सुरू केल्यावर डोंगल दिसत नसेल तर एकदा रीस्टार्ट करून पाहा. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शट डाउन’ने विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्रायव्हरची जुनी स्थिती तशीच परत उघडते, रीस्टार्टने ती साफ होते. रीस्टार्टनंतर दरवेळी चालत असेल तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा.

खोक्यावरचा स्पीड खरा मानणं

‘एसी६००’ म्हणजे २.४ वर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३ एमबीपीएस, यांची गोळाबेरीज. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. शिवाय १५० साठी ४० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल लागतो. सोसायटीत आजूबाजूला वीस राउटर असताना सहसा २० चाच मिळतो, आणि जोडणीचा आकडा ७२ वर येतो. त्यातला साधारण निम्मा प्रत्यक्ष कामी येतो. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही नखाएवढ्या, फक्त २.४ च्या डोंगलवर ३५-४० मिळाले तर तो डोंगल अगदी ठणठणीत आहे. बिलं आणि ईमेलपुरतं काम असेल तर तेवढं पुरतं. १०० च्या प्लॅनचा पूर्ण उपयोग हवा तर ५ गिगाहर्ट्झ असलेला एसी६०० घ्या. २०० च्या पुढे एसी१२०० किंवा एसी१३०० घ्या आणि तो ३.० पोर्टलाच लावा, कारण २.० चा पोर्ट कागदावर ४८० एमबीपीएस असला तरी हातात साधारण ३०० च्या आसपासच देतो.

नेटवर्क यादीत दिसतच नाही

पाच गिगाहर्ट्झचं नाव दिसत नसेल तर आधी डोंगल तो पट्टा घेतो का ते बघा. घेत असेल तर राउटरचा चॅनल तपासा. ५२ ते १४४ या चॅनलवर रडार आढळला तर राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि काही डोंगल त्यावरचं नेटवर्क दाखवत नाहीत. राउटर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ वर ठेवा. २.४ मध्ये चॅनल १२-१३ असेल तर अमेरिकेसाठी बनलेल्या डोंगलला तो दिसणार नाही. १, ६ किंवा ११ ठेवा. जुना डोंगल नाव दाखवतो पण पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नाही, तेव्हा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, आधीची डब्ल्यूपीए२) आहे का पाहा. तो डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशा मिश्र पर्यायावर ठेवला की काम होतं.

जोडलं गेलं, पण साइट उघडत नाही

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही: नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा, राउटर बंद-चालू करा. पत्ता ठीक असेल तर तिथेच दिसणारा डिफॉल्ट गेटवे, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं पान उघडलं तर डोंगलने आपलं काम केलं आहे, दोष पुढे लाइनमध्ये आहे.

बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरांवर प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते. कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि साइटांची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. सेल बदला, तारीख लावा.

हे सगळं करूनही जमलं नाही तर तोच डोंगल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये नोंदच येत नसेल, किंवा हात लावता येणार नाही इतका तापून तुटत असेल, तरच तो गेला असं धरा. मोठे डोंगल कोमट होतात, ते नेहमीचंच आहे. नवा घेताना पेटीसोबत एक्स्टेन्शन केबल किंवा स्टँड येणारा, बाहेर वळवता येणारा अँटेना असलेला घ्या. आणि राउटर त्याच खोलीत असेल तर डोंगल घेऊच नका, पाच मीटरची लॅन केबल आणा.