रिसेल फ्लॅट घेताय? शेवटच्या चेकआधी मीटरपाशी जाऊन या

पुण्यात रिसेल फ्लॅट घ्यायचा म्हटलं की कागदपत्रांच्या याद्या चारी बाजूंनी येतात. वकील देतो, बँक देते, एजंटही देतो. या सगळ्या याद्यांत विजेसाठी एकच ओळ असते: ‘लेटेस्ट लाइट बिल’. ते एक बिल फाइलला लावलं की काम झालं, असं सगळेच धरून चालतात. मागच्या घराच्या वेळी मीही तेच धरून चाललो. मीटर बघायला खाली उतरलो नाही. त्या घरात आधी भाडेकरू होते, तेव्हा मीटरच्या खोलीला कायम कुलूप, त्यामुळे रीडिंग न होता बिलं सरासरीने येत राहिलेली. खरं रीडिंग झालं ते ताबा घेतल्यानंतर, आणि मधला सगळा फरक माझ्या बिलात येऊन बसला. तोवर मालकांना शेवटचा चेक मिळून गेला होता. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात मीटर पुन्हा पुन्हा येईल.

सुरुवात घर बघण्यापासून. बहुतेक जण रविवारी सकाळी अकराला घर बघायला जातात. त्या वेळी कुठलंही घर बरंच वाटतं. पसंत पडलं की दुपारी चारनंतर पुन्हा जा, जमलं तर एप्रिल-मे महिन्यात. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. संध्याकाळी सात-आठला परत हात लावा. तेव्हाही भिंत गरमच लागत असेल, तर त्या बेडरूममध्ये उन्हाळाभर एसीशिवाय झोप लागणार नाही, कारण भिंतीने दुपारी घेतलेली उष्णता ती रात्री आत सोडते. घराच्या किमतीत हा खर्च कुठेच दिसत नाही. तो दरवर्षी मार्चपासून जूनपर्यंत लाइट बिलातून जातो. समोरासमोर खिडक्या आहेत का, तेही तेव्हाच बघा. पश्चिमेची बाल्कनी काचा लावून बंद केली असेल तर ती दुपारी भट्टीच असते. ‘एक्स्ट्रा रूम’ म्हणून तिचे पैसे देऊ नका.

सगळ्यात वरचा मजला असेल तर तापलेला स्लॅब थेट डोक्यावर असतो. टेरेसवर चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) आहे का, की पांढरा परावर्तक रंग दिलाय, हे स्वतः वर जाऊन बघा. वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं, ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. मालकांना विचारून उपयोग नाही. आणि ‘टेरेस तुमचंच समजा’ हे एजंटचं वाक्य कानाआड करा. टेरेस सोसायटीच्या सामाईक मालकीचं असतं, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं नाही. तिथे सोलर बसवायचं मनात असेल तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा हवी, आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोलर घेतलं तर तिलाही किलोवॉटमागे १८,००० मिळतात. हे आधीच झालेलं असेल तर त्या सोसायटीला माझ्याकडून वरचे गुण, कारण पंप आणि लिफ्टचं बिल शेवटी मेंटेनन्समधून आपणच भरतो. उन्हाळ्यात टँकर किती लागतात, तेही विचारून घ्या.

आता बिलं. एक बिल नको, वर्षभराची बारा बिलं हवीत. मालक कुरकुर करतील. बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट मागून घेतलंत तर महावितरणच्या साइटवर किंवा ॲपवर बिल बघता येतं. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असेल, तिथले फॉर्म वेगळे, बघायच्या गोष्टी त्याच. सर्वांत आधी मे महिन्याचे युनिट आणि जानेवारीचे युनिट शेजारी ठेवा. दोन्हींत फार मोठी तफावत असेल तर ती पश्चिमेची भिंत बोलतेय असं समजा. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, आणि शंभर ओलांडले की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे महिन्याला ९० युनिटचं घर आणि २५० युनिटचं घर यांच्या बिलातलं अंतर युनिटच्या अंतरापेक्षा बरंच जास्त असतं.

मग दर संकेत बघा. तिथे घरगुती म्हणजे एलटी वन असायला हवं. फ्लॅटमध्ये आधी एखादा व्यवसाय चालत असेल आणि एलटी टू लागलेला असेल, तर तो बदलून घेईपर्यंत तुम्ही व्यावसायिक दराने पैसे भराल. मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे, ते बघा. दोन एसी, गिझर, इंडक्शन आणि पुढेमागे गाडीचं चार्जिंग, असा विचार असेल तर जुन्या फ्लॅटचा भार बहुधा पुरत नाही. तो वाढवता येतो, पण ते काम ताबा घेतल्यावर तुमच्या अंगावर पडतं, म्हणून किंमत ठरवतानाच बोलून घ्या. सुरक्षा ठेव किती जमा आहे तेही बिलावर असतं. ती तुमच्या नावावर वर्ग करून द्यायची की मालकांना हवी आहे, हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर नाव बदलताना नव्याने भरावी लागेल.

आणि मीटरची स्थिती. बिलावर हा एवढासा रकाना असतो, तिकडे कुणीच बघत नाही. तिथे ‘लॉक्ड’, ‘आरएनए’ (रीडिंग मिळालं नाही) किंवा ‘फॉल्टी’ असं काही दिसलं, किंवा चालू रीडिंग आणि मागील रीडिंग एकच असून बिल मात्र युनिट लावून आलेलं असेल, तर ते बिल सरासरीचं आहे. खरा वापर किती झाला ते त्या कागदावर नाही. ते फक्त मीटरवर आहे. बिल भरलेलं आहे, थकबाकी शून्य आहे, तरीही पैसे देणं बाकी असू शकतं, हे नीट लक्षात घ्या.

म्हणून खाली जा. मीटरच्या खोलीत जा. वॉचमनकडून किल्ली घ्या, कुलूप उघडेपर्यंत थांबा, पण बघितल्याशिवाय परत येऊ नका. पहिली गोष्ट, मीटरवर कोरलेला नंबर बिलावरच्या मीटर क्रमांकाशी अंकन्अंक जुळवा. वीस मीटर एका फळीवर असतात, वरती खडूने किंवा मार्करने फ्लॅट नंबर लिहिलेला असतो आणि तो चुकीचा असू शकतो. शेजाऱ्याचा मीटर तुमच्या नावावर आणि तुमचा त्याच्या नावावर, असं वर्षानुवर्षं चालू असलेल्या सोसायट्या आहेत. दुसरी गोष्ट, डिस्प्लेवर आकडे आलटून पालटून येतात. तारीख, वेळ, व्होल्टेज सगळं येतं. ज्याच्या बाजूला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलंय तोच आकडा रीडिंगचा. त्याचा फोटो काढा, मीटरचा नंबर त्याच फोटोत येईल असा. मग बिलावरच्या चालू रीडिंगशी तुलना करा. मधल्या दिवसांचे थोडेफार युनिट जास्त असणारच. पण शेकड्यांनी फरक असेल तर तिथल्या तिथे मालकांना फोन लावा.

तिसरी गोष्ट दोन माणसांची आहे. एकाने वर फ्लॅटमध्ये थांबून मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने खाली मीटरसमोर उभं राहायचं. मीटरवर एक लाल बारीक दिवा असतो, वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. घरात गिझर चालू केला तर भराभर, नुसता पंखा असला तर सावकाश. मेन बंद केल्यावर तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. पूर्ण मिनिटभर बघत राहा. थांबला नाही तर मीटर दुसऱ्याचा आहे, किंवा तुमच्या मीटरवर जिन्यातला दिवा नाहीतर कुणाचं तरी घर चाललंय, किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. तिन्ही शक्यता ताब्याआधी मिटवायच्या. नंतर तुमचं कुणी ऐकत नाही.

‘जुनी थकबाकी आम्हाला कशी लागेल, ती तर आधीच्या मालकाची’, असं पुष्कळ जण म्हणतात. लागते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनन यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की नवीन जोडणी किंवा पुनर्जोडणी देताना वीज कंपनी त्या जागेची आधीची थकबाकी नियमांनुसार नव्या मालकाकडे मागू शकते. तेव्हा भांडून जिंकू, या भरवशावर राहू नका. ताब्याच्या दिवशी पुन्हा मीटरपाशी जा, हो, दुसऱ्यांदा. त्या दिवसाचं रीडिंग, मीटर क्रमांक आणि ‘या रीडिंगपर्यंतचं सर्व देणं विक्रेत्याचं’ हे वाक्य ताबा पावतीत हाताने लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. शेवटच्या चेकमधली काही रक्कम त्या रीडिंगचं खरं बिल येईपर्यंत मागे ठेवायची, हे करारातच घाला. टोकन देतानाच बोललात तर मालक ऐकतात. रजिस्ट्रेशनच्या दिवशी बोललात तर वाईट दिसतं आणि कुणी ऐकतही नाही.

वायरिंगसाठी ओळखीचा वायरमन घेऊन जा. एसीच्या पॉइंटला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे का, अर्थिंग खरंच आहे की तिसरं भोक नुसतं शोभेचं, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) आहे का, एवढं त्याने सांगितलं तरी पुरे. आरसीसीबी नसेल तर राहायला जाण्याआधी बसवा. घरात लहान मुलं असोत नसोत, बसवाच.

कागदपत्रांबद्दल वकील सांगेलच, मी फक्त राहून जाणारं सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या व्यवहारांची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत आणि नो ड्यूज. मालकांचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात, ते बाहेर कसे येणार हे आधी ठरवा. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंती धरून क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, तेव्हा टेप लावून कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, स्वतः मोजा. सोसायटीला ट्रान्स्फर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना घेतली जाणारी रक्कम, २५,००० रुपयांच्या वर मागता येत नाही. २००१ चं शासन परिपत्रक आहे, गरज पडली तर दाखवा.

पैशांचं थोडक्यात. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा त्यापुढे असेल तर मालकांना द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे, बँक ते करत नाही. मालक परदेशात राहणारे असतील तर हा एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कापायची रक्कम कितीतरी मोठी असते. तिथे सीएला विचारल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

ताब्यानंतरची कामं भराभर सांगतो. वीजजोडणीचं नाव पहिल्याच महिन्यात बदला. इंडेक्स टू, सोसायटीचं पत्र आणि भरलेलं शेवटचं बिल जवळ ठेवा. अर्ज करण्याआधी मीटर क्रमांक परत एकदा जुळवा. स्वतः राहणार असाल तर मिळकत करातल्या ४० टक्के सवलतीसाठी महापालिकेत पीटी-३ अर्ज द्या, घर विकणाऱ्याला ती मिळत होती म्हणून तुम्हाला आपोआप मिळेल असं धरू नका. पाइपगॅसचं नाव, शेअर सर्टिफिकेटवरची नोंद, ओघाने आलंच.

विजेवर खर्च करायचा तर आधी पंखे बदला. साधा पंखा ७०-७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) तीसच्या आसपास, आणि पंखा हीच घरात सगळ्यात जास्त तास चालणारी वस्तू आहे. मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली. त्यानंतर पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी, २४ वर ठेवून. गिझर दोन किलोवॉटचा असतो, तो आठवणीने बंद करा. सोलरचा अर्ज मात्र तुमच्या नावाचं पहिलं बिल हातात आल्यावरच भरा. अर्जदाराचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं नाही तर तो तिथेच अडकतो.