काल्पनिक समाजातील घराण्याचे वडीलपण आणि न्याय कसा रचावा

कल्पित जगाची कादंबरी लिहिताना नकाशा, राजवाडे आणि मंत्रविद्या लवकर सुचतात. परंतु घराण्यात शब्द कोणाचा चालतो आणि तो शब्द अन्यायाचा ठरला तर दाद कोठे मागायची, हे ठरल्याशिवाय त्या जगात माणसे नांदत आहेत असे वाचकाला वाटत नाही. कोल्हापूरच्या लेखकाला यासाठी सामग्री शोधत दूर जावे लागत नाही, कारण वारसा, दत्तक आणि वतन यांचे तंटे या मातीच्या इतिहासात जागोजागी सापडतात.

या घराण्याकडे वाटणी होऊ न शकणारे काय आहे, हे प्रथम ठरवावे. पाटीलकीच्या वतनात जमीन आणि उत्पन्न भावांत वाटले जाई, पण होळीची पहिली पोळी किंवा बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कर (वेशीत बांधलेले तोरण) तोडण्याचा मान यांवर वडील शाखा हक्क सांगे, आणि या मानपानासाठी भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत. समजा, आपल्या कथेतील घराण्याला नदीचे पाणी शब्दाने वळविता येते आणि ती शक्ती एका वेळी एकाच जिवंत व्यक्तीत राहते. शेत चुलत्यांत कितीही वाटले तरी पाणी सोडणारा एकच राहील, आणि त्याचे वडीलपण, म्हणजे घराण्यातील थोरपणाचा अधिकार, तेथूनच जन्माला येईल.

वारशाचा नियम एका ओळीत मांडावा आणि मग तो कोठे तुटतो ते पाहावे. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले तेव्हा ताराबाईंनी आपल्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून कारभार स्वतः चालविला. १७१४ मध्ये सवत राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराबाई मुलासह पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. पुढे १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील मुलगा दत्तक येऊन शाहू महाराज झाला. दत्तकाचा प्रश्न कल्पित समाजात अधिक खोल जातो: विधी यथासांग झाला, पण पाणी त्या मुलाचे ऐकत नसेल तर? कायदा एकीकडे आणि शक्ती दुसरीकडे, अशा घराण्यातच कथेला खरी धार येते, असे माझे ठाम मत आहे.

न्यायसभेत कोण बसते, पुरावा कोणता चालतो आणि निवाडा कसा बजावला जातो, ही बाजू त्यानंतर रचावी. जुन्या गोतसभेत भाऊबंद, पाटील आणि बलुतेदार एकत्र बसत, निवाड्याचा महजर, म्हणजे सर्वांच्या साक्षीचा लेख, लिहिला जाई आणि अक्षर न येणारा कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. साक्षी आणि कागद अपुरे पडले तर दिव्य, म्हणजे खरेखोटे ठरविणारी अंगावरची कसोटी, करावे लागे. रवादिव्यात तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढल्यावर हात बांधून त्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी सर्वांसमक्ष तपासत. मधले ते दिवस लेखकाने वाया घालवू नयेत. वादी, प्रतिवादी आणि त्यांच्या घरच्या बायका तेव्हा काय करतात, ते लिहावे. सत्य तत्काळ सांगणारी जादू मात्र टाळावी, आणि ठेवलीच तर तिची किंमत कोणी मोजायची आणि ती वापरण्याचा हुकूम कोण देऊ शकतो, हे स्पष्ट करावे.

शिक्षेविषयी थोडक्यात: पंक्तीतून उठविणे आणि वाळीत टाकणे ही शिक्षा तलवारीहून जास्त काळ छळते, आणि महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरविला आहे, हे ध्यानात ठेवून तिचे दुःख हलके करू नये. परत घेण्याची वाटही दाखवावी.

शेवटी, घराण्याच्या उंबरठ्याच्या आत राज्यसत्तेचा हात कोठवर पोहोचतो, हे ठरवावे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला. म्हणजे वंशपरंपरेचा हक्क आणि घरातील पुरुषाचा अधिकार हे दोन्ही राजाच्या हुकुमापुढे प्रश्नांकित झाले. आपल्या नदीकाठच्या राज्यात असा हुकूम निघाला, तर पाणी वळविणाऱ्या घराण्यातील धाकटी सून कोणाच्या बाजूने साक्ष देईल, याचा महजर कादंबरीचे पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी निशाण्यांसह पूर्ण लिहून काढावा.