सिलिकॉन कार्बाइड कन्व्हर्टर: या चुका टाळा

कन्व्हर्टरमधला आयजीबीटी (जुना सिलिकॉनचा पॉवर स्विच) काढायचा, त्याच जागी सिलिकॉन कार्बाइडचा मॉसफेट (त्याहून वेगवान स्विच) बसवायचा, गेट म्हणजे चालू-बंद करणारा पाय चालवणारा ड्रायव्हर तोच, फर्मवेअर तेच, आणि स्विचिंग 16 किलोहर्ट्झवरून थेट 100 वर न्यायचं. असे बोर्ड इतके एकसारखे फुटतात की कारण एकदा सविस्तर सांगायलाच हवं.

ठरलेला प्रकार असा. 100 व्होल्टच्या बसवर (कन्व्हर्टरचा डीसी पुरवठा) बोर्ड छान चालतो, 400 वरही चालतो. 600 च्या पुढे एका लेगमधले (बसवर एकाखाली एक जोडलेली स्विचची जोडी) वरचा-खालचा दोन्ही मॉसफेट एकदम जातात. पार्ट नकली म्हणून नवे बसवले जातात, तेही जातात. मग डेड टाइम (दोन्ही स्विच बंद ठेवायचा मधला वेळ) वाढवतात, आणि पुन्हा धडाका होतो. कारण दोन्ही स्विच एकत्र चालू करा असं कंट्रोलरने सांगितलेलंच नसतं.

वरचा मॉसफेट चालू होताना स्विच नोड (दोन्ही मॉसफेटमधला जोड) 50 व्होल्ट प्रति नॅनोसेकंद वेगाने चढतो. खालच्याची गेट-ड्रेन कपॅसिटन्स फक्त 10 पिकोफॅरड धरली तरी तिच्यातून अर्धा अँपिअर गेटकडे येतो. बाहेरचा आणि पार्टच्या आतला मिळून गेट रेझिस्टन्स 5 ओहम असेल, तर गेटवर अडीच व्होल्टचा उंचवटा उठतो. गेट 0 व्होल्टवर बंद ठेवलंय आणि चिप तापून थ्रेशोल्ड (मॉसफेट उघडायला लागतो ते गेट व्होल्टेज) 2 व्होल्टच्या आसपास उतरलाय, अशा वेळी खालचा मॉसफेट क्षणभर उघडतो आणि बस शॉर्ट होते. गेटचा ट्रॅक लांब असेल तर उंचवटा आणखी मोठा. फुटण्याआधी बोर्ड सांगत असतो: लोड नसताना इनपुट करंट बस व्होल्टेजबरोबर भराभर चढतो, हीटसिंक तापायला लागतो. घाईत तिकडे कुणी बघत नाही.

मी बंद अवस्थेत गेटला उणे 3 ते 4 व्होल्ट देतोच. डेटाशीटमधली उणी मर्यादा मात्र ओलांडायची नाही. ऑन आणि ऑफचे रेझिस्टर वेगळे, ऑफचा लहान. ड्रायव्हर गेटपासून दोन सेंटीमीटरच्या आत. चार पायांचं पॅकेज मिळत असेल तर तीन पायांचं घेत नाही, कारण वेगळ्या सोर्स पायामुळे मुख्य करंट गेटच्या लूपमधून जात नाही. मिलर क्लॅम्प (बंद असताना गेट खाली धरून ठेवणारं सर्किट) उपयोगी आहे, पण पार्टच्या आतल्या रेझिस्टन्सपुढे त्याचा इलाज चालत नाही.

थेट मोटर जोडून चाचणी करणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. आधी डबल पल्स टेस्ट: कॉइलच्या लोडवर मॉसफेट फक्त दोनदा चालू करून बघायचा. 800 व्होल्ट बस आणि 400 मायक्रोहेन्रीची एअर-कोअर कॉइल असेल, तर 10 मायक्रोसेकंदांच्या पहिल्या पल्सला करंट 20 अँपिअरवर पोचतो. 2 मायक्रोसेकंद थांबा, मग 2 मायक्रोसेकंदांची दुसरी पल्स. टर्न-ऑन, टर्न-ऑफ, ओव्हरशूट आणि बंद मॉसफेटच्या गेटवरचा उंचवटा, सगळं इथेच दिसतं, आणि पार्ट तापतही नाही.

दिसतं, पण प्रोब नीट लावला तर. 10 सेंटीमीटरची ग्राउंड क्लिप म्हणजे सुमारे 100 नॅनोहेन्री. प्रोबच्या 10 पिकोफॅरडशी मिळून ती 160 मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच रिंग होते, आणि लोक ते रिंगिंग घालवायला स्नबर बसवत बसतात. क्लिप काढा, टोकाशी स्प्रिंग लावा. वरच्या गेटसाठी ऑप्टिकली आयसोलेटेड प्रोब लागतो. ऑसिलोस्कोपची अर्थ पिन कापू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

डेड टाइम: आयजीबीटीचे 2 मायक्रोसेकंद तसेच ठेवले तर 100 किलोहर्ट्झला प्रत्येक सायकलचा 40 टक्के वेळ बॉडी डायोडवर (मॉसफेटच्या आतला डायोड) जातो. तिथे 4 व्होल्ट पडतात, म्हणजे 20 अँपिअरला 32 वॅट फुकट. 200 नॅनोसेकंदांपासून सुरुवात करून मोजत पुढे जा.

शॉर्ट सर्किट संरक्षण: आयजीबीटी 10 मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइड बहुधा 2-3. जुनं ब्लँकिंग (संरक्षण जागं होण्याआधी सोडून दिलेला वेळ) चालणार नाही.

कंट्रोलमध्ये सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे डिले विसरणं. सिम्युलेशनमध्ये 60 अंश फेज मार्जिन (लूप डोलू लागण्याआधी उरलेली फेजची जागा), बोर्डवर मात्र करंट डोलतो. सॅम्पल घेणं, गणित आणि पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून व्होल्टेज ठरवणं) मिळून दीड सायकल जाते: 20 किलोहर्ट्झला 75 मायक्रोसेकंद. क्रॉसओव्हर (लूपचा गेन 1 होतो ती फ्रिक्वेन्सी) 2 किलोहर्ट्झ ठेवला तर 54 अंश तिथेच संपतात. गेन कमी करत अंदाजाने ट्यून करणाऱ्यांना हे शेवटपर्यंत कळत नाही. क्रॉसओव्हर 1 किलोहर्ट्झवर आणा म्हणजे 27 अंशच जातील, किंवा सायकलमध्ये दोनदा अपडेट करून डिले निम्मा करा. करंटचं सॅम्पल पीडब्ल्यूएमच्या त्रिकोणी कॅरिअरच्या शिखरावर किंवा तळाशी घ्या. तिथे रिपलची सरासरी मिळते आणि सहसा स्विचिंगचा गोंधळही नसतो. इंटिग्रेटरला अँटी-विंडअप (आउटपुट मर्यादेला टेकल्यावर बेरीज साठत जाणं थांबवणारी सोय) हवंच.

सिरॅमिक कपॅसिटरवर छापलेली कपॅसिटन्स डीसी व्होल्टेजखाली टिकत नाही. एक्स5आर जातीत तर बऱ्याचदा निम्मीही उरत नसते. उत्पादकाचा आलेख बघा. फेराइट गरम झाल्यावर लवकर सॅच्युरेट होतं, म्हणून हिशेब 100 अंश सेल्सिअसचा करा.

इनपुट फिल्टर नंतर चिकटवायची वस्तू नाही. 48 व्होल्टवर 200 वॅट घेणारा, आउटपुट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर फिल्टरला उणे 11.5 ओहमसारखा दिसतो (व्होल्टेज वाढलं की करंट घटतो). पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी 1976 मध्येच हे गणित मांडलं होतं. फिल्टरच्या इम्पीडन्सचं शिखर या 11.5 ओहमच्या बरंच खाली हवं. फिल्टर कपॅसिटरच्या चौपट कपॅसिटन्सचा इलेक्ट्रोलिटिक समांतर जोडा. त्याचा आतला रेझिस्टन्स फिल्टरच्या कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्सच्या (√(L/C)) आसपास नसेल, तर सिरीजमध्ये रेझिस्टर टाका.